एकोणीस विराम

“केतकी, आकडा बोलायच्या आधी पोराला त्याच्या मातीत खेळताना बघ. एकदाच बघ, पण बघ. मग तोंड उघड.”

आप्पांचा आवाज असा मधूनच येई. निरांजनाची वात पुढे सारताना, नाहीतर तुळशीला पाणी घालताना. आप्पा म्हणजे केतकी निगवेकरचे वडील, कोल्हापूरच्या खंदक तालमीचे वस्ताद. कुस्ती शिकवता शिकवता त्यांनी तालमीची फुटबॉलची टीम उभी केली होती, आणि कुठला पोरगा किती पाण्यात आहे हे ते त्याच्या नुसत्या चालीवरून सांगत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते गेले त्या दिवसापासून केतकीनं एक नेम धरला होता. पहाटे उठायचं आणि सूर्य उगवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुणी कारण विचारलं तर ती म्हणे, “त्या वेळात ते बोलतात. मी ऐकते.”

तिचं कामही आप्पांचंच, फक्त मातीतून उठून काचेवर आलेलं. फुटबॉलपटूंचं मोल ठरवणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत ती होती. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात जायचा असला की दोन्हीकडचे लोक तिच्या सहीचा आकडा मानत. आप्पांची सूचना मात्र गेल्या सात वर्षांत तिनं एकदाही पाळली नव्हती. गरजच वाटली नव्हती. पूर्वलहर आली होती ना.

माणूस पाय उचलतो त्याच्या अर्धा-पाऊण सेकंद आधी त्याच्या मेंदूत विजेची एक मंद लाट चढू लागते, हे शास्त्रज्ञांना फार जुन्या काळापासून ठाऊक होतं. नवं एवढंच, की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी केसांखाली बसवली तर धावत्या खेळाडूची ही लाट आता स्वच्छ टिपता येई. मोसमभराच्या लाटा हाती आल्या की पूर्वलहर नावाचं ते यंत्र त्यांतून खेळाडूची छाया घडवी आणि ती छाया हव्या त्या संघात घालून दहा हजार सामने खेळवी. केतकीच्या खोलीतले पडदे ओढले की टेबलावर हातभर मैदान उजळे आणि बोटाएवढी उजेडाची माणसं त्यावर धावू लागत. आवाज नाही, धूळ नाही. तळाशी मासे फिरावेत तशी ती फिरत, विरत, पुन्हा उगवत. फार वेळ बघत बसलं की केतकीला वाटे, आपण कुणाच्या तरी स्वप्नात येऊन बसलोय, आणि ज्याचं स्वप्न आहे तो शेजारच्या खोलीत शांत निजलाय.

पण चढलेली प्रत्येक लाट काठाला लागत नाही. शेवटच्या पाव सेकंदात मेंदू ती मोडू शकतो. पाय उचलायचं ठरतं, आणि पाय उचलला जात नाही. या मोडण्याला संस्थेत ‘गळती’ म्हणत. गोलसमोर ज्याच्या लाटा मोडतात तो स्ट्रायकर गळका, आणि गळक्या स्ट्रायकरला बाकावर बसवण्याशिवाय त्याचं काय करणार?

अलीकडे त्यावर इलाजही निघाला होता. सांधणी. कपाळामागच्या डाळीएवढ्या जागेवर ध्वनिलहरींचा बारीक झोत सोडायचा. तीन बैठका. दुखत नाही, खुपत नाही. मग चढलेली लाट मोडतच नाही. एकदा सांधलेलं पुन्हा उघडल्याची नोंद मात्र कुठेही नव्हती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या टेबलावर फाइल आली. जोतिराम वडणगे, वय अठ्ठावीस, स्ट्रायकर. मूळ संघ, खंदक तालीम.

केतकी थबकली. आप्पांना खांदा द्यायला आलेल्या पोरांत एक उंच, हडकुळा सतरा वर्षांचा मुलगा होता. पायात चप्पल नव्हती त्याच्या. तोच हा. तिनं वरिष्ठांना कळवलं, की हा माझ्या वडिलांचा शिष्य, फाइल दुसऱ्याला द्या. उत्तर आलं, “मोजणार यंत्र. तुम्ही फक्त सही करायची.”

तीन वर्षांपूर्वी त्याच्या सध्याच्या क्लबानं जोतिरामला सहा कोटींना उचललं होतं. त्यातली शेवटची दोन वर्षं तो बहुतेक बाकावरच होता. यंत्रानं आकडा दिला, चाळीस लाख. त्याखाली दुसरी ओळ होती, सांधणीनंतर पाच कोटी दहा लाख.

तेवढ्यात जोतिरामच्या एजंटाचा, अभिराम कामतांचा फोन आला.

“मॅडम, तुम्हाला एकच शब्द लिहायचाय. ‘सांधणीयोग्य’. दर्याराज क्लब घ्यायला एका पायावर तयार आहे. शुक्रवारी पाचला खिडकी बंद, म्हणजे त्यानंतर खरेदी-विक्री नाही. त्याच दिवशी सकाळी अकराला पुण्यात पहिली बैठक ठेवलीय, ती झाली की ते सही करणार.”

“आणि जोतिराम काय म्हणतो?”

“तो काय म्हणणार? दोन वर्षं बाकावर बसून बाकाला पाय फुटायची वेळ आलीय. घरी गेलाय कोल्हापूरला. फोन उचलत नाही, पण येईल. येईलच हो.”

फोन ठेवल्यावर केतकीला दुसरी एक फाइल आठवली. मागच्या वर्षी तिनं एका विंगरच्या, म्हणजे कडेनं चढाई करणाऱ्या खेळाडूच्या, फाइलवर हाच शब्द लिहिला होता. आकडा अगदी बरोबर निघाला, संस्थेत पेढे वाटले गेले. मग एका दुपारी त्या विंगरच्या बायकोचा फोन आला. रडत नव्हती. नुसतं म्हणाली, “ताई, आता यांना रागाचा शब्द गिळता येत नाही. आला की बाहेर. आधी यायचा, मग ओठ मिटायचे, मग हसायचे. ते मधलंच गेलं बघा.”

तिनं पडदे ओढले. दोन मोसमांतले सामने आणि सराव धरून जोतिरामच्या लाटा एकोणीस वेळा मोडल्या होत्या. ती एकेक करून बघू लागली. उजेडाचा इवलासा जोतिराम धावत येई, त्याच्या डोक्याभोवती निळसर वलय चढे, आणि ऐन वेळी कुणी फुंकर घातल्यासारखं विझे. चेंडू निघून जाई. पाच-सहा वेळा बघून तिनं कागदावर लिहिलं, ‘दुखापतीची भीती’. सोपं होतं ते. असे कितीतरी पाहिले होते.

पण तिच्या मनाला ते पटेना. कारण दांडगे बचावपटू दोन्हीकडून अंगावर येत तेव्हा त्याची लाट हलतसुद्धा नव्हती. गोलसमोरच्या बाकी चारशे बारा संधींत एकदाही मोडली नव्हती. इतका न गळणारा स्ट्रायकर अख्ख्या लीगमध्ये दुसरा नव्हता! मग हे एकोणीस कसले? तिनं ते एकोणीस क्षण एकाच वेळी टेबलावर मांडले. एकोणीस छोटी मैदानं, एकोणीस निळी वलयं. आणि प्रत्येकात एक गोलकीपर, पोटावर झेपावलेला, डोकं खाली, थेट जोतिरामच्या पायाशी.

यंत्राला हे दिसत होतं. ते का, हे यंत्राला कुणी विचारलंच नव्हतं.

“एकदाच बघ,” आप्पा म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी ती कोल्हापूरला पोचली आणि तालमीच्या गल्लीतच एका घरगुती खोलीत उतरली. गुरुवारी पहाटे उठून तिनं दिवा लावला, शाल घेतली आणि मैदानाकडे निघाली. पौषातलं धुकं पंचगंगेवरून उठून गल्ल्यांतून शिरलं होतं. मैदानाचा पलीकडचा काठ दिसतच नव्हता. आधी फक्त चेंडूचा आवाज आला, धप्. मग जरा वेळानं कुणाचं तरी खणखणीत हसणं.

“डावीकडनं ये की, लेका! उजवीकडनं घालून उपकार करतोयस काय?”

“डावीकडनं घातला तर रडशील.”

“रडायला एक डोळा पुरतोय भावा. घाल.”

धुक्यातून दोन आकृत्या उमटल्या. टेबलावरच्या त्या उजेडाच्या माणसांसारख्याच, फक्त या दोघांच्या तोंडून वाफ निघत होती. उंच होता तो जोतिराम. गोलमध्ये एक दणकट तरुण, डाव्या डोळ्यावर पातळ काळी पट्टी. केतकी कडेच्या दगडी पायरीवर बसून राहिली. सूर्य अजून वर यायचा होता.

जोतिराम मारी आणि डोळ्याला पट्टी बांधलेला झेपावे. कधी चेंडू अडवी, कधी हातभर अंतर चुकून तोंडघशी पडे. एका डोळ्याला चेंडू दिसतो, पण तो किती लांब आहे ते कळत नाही. ते तो पुन्हा शिकत होता, हातानं, कानानं, पडून पडून.

धुकं तांबूस झालं, मैदानाच्या टोकाला ऊन लागलं. केतकीनं हात जोडले आणि दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

“जोतिराम.”

तो वळला, क्षणभर बघत राहिला आणि पळत येऊन वाकला. “आप्पांच्या केतकीताई! कधीपासनं बसलाय? हाक तरी मारायची!”

“मौन असतं माझं उजाडेपर्यंत.”

“हा निहाल मुजावर. आमचा कीपर.”

“होतो,” निहाल हातमोजे सोडत म्हणाला. “उद्या सकाळपासनं परत हाय. चहा घेणार ना ताई? भडंग बी हाय.”

“पौषात मी एकदाच जेवते. चहा चालेल.”

निहालनं काढलेले हातमोजे जोतिरामनं न बोलता घेतले, त्यांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि गळ्यात अडकवले. ही आप्पांची रीत. खंदक तालमीत कीपरचे हातमोजे स्ट्रायकरनं वाहायचे, मैदानावर नेताना आणि आणताना. ज्यानं मारायचं त्यानंच समोरच्याचे हात सांभाळायचे, असं आप्पा म्हणत. पोरं हसत, पण रीत चालू राहिली होती.

टपरीवर चहा आला. निहालच मोकळेपणानं सांगू लागला. अडीच वर्षांपूर्वी सुट्टीत जोतिराम घरी आला होता. तालमीचा साधा मैत्रीचा सामना, दोघं दोन बाजूंना. चेंडू सुटला, निहालनं जोतिरामच्या पायांत उडी घेतली, आणि बूट लागला तो डोळ्यालाच.

“गोल झाला, ताई,” जोतिराम म्हणाला. तो चहाकडे बघत होता. “पंचांनी दिलाही.”

“मग? चुकीचा होता होय? दिलाच पाहिजे,” निहाल म्हणाला आणि केतकीकडे वळला. “ह्यो तेव्हापासनं घरी आला की रोज पहाटे मला बॉल मारतोय. उद्या सकाळी सातला टीम निवडायची. कीपरची परीक्षा तालमीच्याच स्ट्रायकरनं घ्यायची, आप्पांचाच नियम. ह्यानं शब्द दिलाय. आणि आता ह्याचे ते कामतसाहेब मेसेज धाडत्यात, दुसऱ्याला घेऊ दे परीक्षा.”

“दुसरा चालणार नाही?”

“दुसरा मला दया दाखवंल. हळू मारंल. ह्यो न्हाई दाखवायचा, जीव खाऊन मारंल.” निहालनं पेला खाली ठेवला. “आणि ताई, उद्या मी पायांत उडी घेणार. ती घेतल्याशिवाय कीपर कसला? मला लांबी कळत न्हाई, वेळ चुकणारच. पण ऐन वेळेला थांबणारा पाय फक्त ह्याचाच हाय. मी बघितलाय.”

केतकीच्या डोळ्यांपुढे एकोणीस निळी वलयं एकदम विझली.

निहाल आपलं दुकान उघडायला निघाला. जाता जाता थांबून म्हणाला, “ताई, सगळ्यांचं मोल करताय, माझं बी सांगा की एकदा. मशीन न लावता.”

“उद्या सकाळी गोलच्या मागे उभी राहते. बघते आणि सांगते. खरं सांगेन बरं का.”

“खोटं सांगायला आप्पांची लेक कशाला पायजे?” तो हसत गेला.

दोघंच उरल्यावर जोतिरामनं गळ्यातले हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाला, “ताई, ते थांबणं काढता येतं म्हणे.”

“येतं.”

“दुखत न्हाई म्हणे.”

“नाही दुखत.”

“मग काढलेलंच बरं न्हवं?” त्याचा आवाज चिरका झाला. “दर वेळी कीपर खाली आला की मला त्यो आवाज येतोय. बूट लागल्याचा. त्यो आला की पाय जातच न्हाई. दोन वर्षं बाकावर बसलोय त्यापायी. घरचे टीव्ही लावायचे बंद झाले. ते गेलं तर खेळ बी परत येईल आणि आवाज बी जाईल. मला झोप लागंल, ताई.”

केतकीनं त्याला त्या विंगरच्या बायकोचं सगळं सांगितलं. स्वतःच्या सहीसकट. मग म्हणाली, “सांधणीला कीपर ओळखू येत नाही, जोतिराम. ती तेवढाच आवाज बंद करत नाही. थांबायची जागाच बुजवते, सगळ्यांसाठी.”

तिनं चहाचा पेला बाजूला सारला.

“मी पहाटे बोलत नाही ना, तेव्हा रोज एखादा शब्द जिभेवर येतो. दूधवाल्याला काहीतरी सांगायचं असतं, फोन वाजतो. शब्द चढतो आणि मी तो मोडते. अकरा वर्षांत चार हजार वेळा मोडला असेल. माझ्या डोक्याला पट्टी लावली तर यंत्र म्हणेल, ही बाई पार गळकी.”

जोतिराम पहिल्यांदाच हसला. “मग मी काय करू? तुम्हीच सांगा.”

‘जाऊ नको’ हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, “मी आकडा सांगते, बाळा. वाट नाही सांगत. वाट तुझी.”

दुपारी खोलीत बसून तिनं अहवाल लिहिला. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं यंत्राचा शब्द खोडला. गळतीच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘विराम, एकोणीस. प्रत्येक वेळी समोरच्याचं डोकं वाचवण्यासाठी. इतर चारशे बारा संधींत एकही नाही. या खेळाडूला थांबायचं कधी ते कळतं, म्हणून तो पूर्ण वेगानं धावू शकतो. बिघाड नाही, दुरुस्ती नको.’ त्याखाली तिचा आकडा, एक कोटी पंधरा लाख. आणि शेवटची ओळ, ‘सांधणी केल्यास हे मोल लागू नाही.’

संध्याकाळी कामतांचा फोन. “मॅडम, हा अहवाल आहे की कीर्तन? दर्याराजवाले म्हणतात, सांधणी झाली तर पाच कोटी, नाहीतर नकोच. तुमच्या एक कोटी पंधराला विचारतंय कोण?”

“आज कुणी नाही. पुढच्या खिडकीत कुणी विचारील. मोल खरं आहे.”

“पुढच्या खिडकीपर्यंत तो बाकावर म्हातारा होईल! मी गाडी घेऊन येतोय. सकाळी साडेसहाला निघालो तर अकराला पोचतो. तो नाही म्हणालेला नाही, लक्षात ठेवा.”

खरंच होतं ते. जोतिराम हो म्हणाला नव्हता, आणि नाहीही म्हणाला नव्हता.

शुक्रवारी धुकं आणखी दाट होतं. केतकी दिवा लावून दारात आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडीचे दोन दिवे तरंगत होते, जणू खाली गाडी नव्हतीच. मफलर गुंडाळलेले कामत येरझाऱ्या घालत होते. तिला बघताच लगबगीनं आले.

“बरं झालं, उठलात. त्याला सांगा ना जरा! तुमचं ऐकतो तो.”

केतकीनं हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“मौन? आजच?” कामतांनी कपाळावर हात मारला. “अहो, रोजचंच असलं तरी आजच्या दिवस सोडा की!”

समोर वडणग्यांच्या घराचं दार वाजलं. जोतिराम बाहेर आला. खांद्याला मोठी बॅग, अंगात प्रवासाचं जाकीट. कामतांनी चटकन गाडीचं दार उघडलं. तो गाडीपाशी आला, थांबला आणि आत बघू लागला. आतला दिवा पिवळा, उबदार होता.

केतकीच्या जिभेवर शब्द चढला. ‘नको.’ एवढाच होता. छातीतून उठला, घशाशी आला, दातांना लागला. अकरा वर्षांत इतका जड शब्द आला नव्हता. पहिल्यांदाच तिला वाटलं, आज नेम मोडला तरी देव रागावणार नाही. तिनं डोळे मिटले, आणि तो तिथेच विरू दिला. हा शब्द तिचा नव्हताच.

डोळे उघडले तेव्हा जोतिरामनं बॅग गाडीच्या टपावर ठेवली होती आणि तो चेन उघडत होता. आतून त्यानं बूट काढले. मग नाड्या बांधलेले हातमोजे काढले आणि गळ्यात अडकवले.

“कामतसाहेब, सातला निहालची परीक्षा हाय.”

“अरे, मग अकरा कसे गाठणार?”

“न्हाई गाठणार,” तो शांतपणे म्हणाला. “चहा घेऊन जावा. आई ठेवतीय.”

कामत काही बोलणार होते. तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांनी गाडीचे दिवे बंद केले.

जोतिराम धुक्यात शिरला. आधी त्याचे खांदे पुसट झाले, मग फक्त छातीवर हलणारे हातमोजे तेवढे पांढरे दिसत राहिले, मग तेही नाही. केतकीनं दार ओढून घेतलं, शाल डोक्यावरून घेतली आणि चपला पायांत सरकवल्या. गोलच्या मागे उभं राहायचं होतं, एका माणसाचं मोल डोळ्यांनी बघून सांगायचं होतं. सूर्य उगवायला अजून बारा मिनिटं होती. मैदानापर्यंत पोचायला तेवढीच लागत.